दिव्याची ओळ

त्या प्रकाशन संस्थेत तिला सगळे रेडिओबाई म्हणत. नाव कोणी ठेवलं ते आता कोणालाच आठवत नाही, पण ठेवणाऱ्याने नेमकं ठेवलं होतं. सकाळी दहापासून संध्याकाळी साडेपाचपर्यंत बाई मोठ्याने बोलत असायच्या आणि त्यांना कोणी उत्तर देत नसे.

काम वाचायचं होतं. आता वाचणं म्हणजे काय मोठे दिवे लावायचे, असं कोणीही म्हणेल. म्हणणाऱ्याने एकदा त्या खोलीत बसून बघावं. टेबलाच्या एका बाजूला बाई, समोर लेखकाच्या हातचे मूळ कागद. दुसऱ्या बाजूला भिंग घेऊन चुका शोधणारे म्हातारे काका, सगळ्यांचे भिंगवाले, त्यांच्यासमोर त्याच मजकुराची टाइप केलेली कच्ची प्रत. बाईंनी मूळ कागदावरून मोठ्याने वाचायचं, भिंगवाल्यांनी कच्च्या प्रतीवर बोट फिरवत ऐकायचं, आणि जिथे कान आणि डोळा यांचं जमणार नाही तिथे लाल पेनाने खूण करायची. सगळं वाचायचं. विरामचिन्हांसकट. ‘अवतरण सुरू थांब स्वल्प मी आलो पूर्ण अवतरण बंद नवा परिच्छेद.’ असं दिवसभर. शेवटी प्रत्येक गठ्ठ्यावर दोघांची सही आणि तारीख, वर शेरा: वाचून मिळवले.

आणि सूर लावायचा नाही. भिंगवाल्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, “बाई, तुम्ही रंगवून वाचायला लागलात की मी गोष्ट ऐकणार, आणि मी गोष्ट ऐकली की चुका मागच्या दाराने पळणार.” तेव्हा खून असो, लग्न असो की मूळव्याधीवरचे घरगुती उपाय असोत, बाई सगळं एकाच पट्टीत वाचत. सत्तावीस वर्षं. ती खोड घरीसुद्धा गेली नाही. लेक लहान असताना तिला झोपवायला गोष्ट वाचायला बसल्या की तोंडातून स्वल्पविराम निघालाच. लेक पांघरुणातून ओरडायची, “आई, स्वल्प नको ना गं!” आणि खिदळायची. ते खिदळणं बंद कसं झालं, त्याचीच ही हकीकत आहे.

एका लेखिकाबाईंच्या ‘काजळ्या’चा पहिला भाग तेव्हा नुकताच आला होता. मुलांसाठी लिहिलेली पाच भागांची मालिका. एका शहरातले जादूगार राक्षसांना बांधून घेतात आणि त्यांच्याकडून राबवून घेतात. त्यातल्या एका अकरा वर्षांच्या जादूगाराने चुकून दिव्याच्या काजळीतला एक राक्षस बांधला, तो काजळ्या. भित्रा, कुरकुऱ्या, जिभेला हाड नाही. प्रत्येक जादूसरशी तो थोडा थोडा विरळ व्हायचा आणि त्यावरून मालकाला घालूनपाडून बोलायचा. मुलांना जादूगारापेक्षा राक्षसच जास्त आवडला. अर्थात आवडणारच. मुलंही कोणाच्या ना कोणाच्या हुकमाखालीच असतात.

बाईंच्या लेकीने तर पहिल्या भागाची पानं सुटेपर्यंत पारायणं केली. शाळेत विचारलं, मोठेपणी कोण होणार, तर ही म्हणाली, राक्षस.

दुसऱ्या भागाचे कागद आले तेव्हा लेक नऊ वर्षांची होती, आणि बाईंचे यजमान दवाखान्यात होते. पोटातलं दुखणं. डॉक्टर तोंडभर बोलत नव्हते, आणि डॉक्टर बोलायचे थांबले की शहाण्या माणसाने काय ते समजावं. बाई शहाण्याच होत्या, पण त्या वेळी त्यांनी शहाणपण बाजूला ठेवलं होतं.

लेखिकाबाईंचं अक्षर म्हणजे मुंग्यांची मिरवणूक. म्हणून बाई चहाच्या सुट्टीत पुढची पानं मनातल्या मनात वाचून ठेवत, म्हणजे मोठ्याने वाचताना अडखळायला नको. त्या दिवशीही वाचली. त्या पानावर बांधणीची शपथ होती. जादूगाराने राक्षसाला सोडलं तर काय, ते त्या शपथेत होतं. बाईंनी ते वाचलं आणि चहा तसाच राहिला. कारण राक्षसाला परत यायला वाट होती. अगदी बारीक, पण होती.

संध्याकाळी चारलाच निघायची परवानगी त्यांनी मागून घेतली होती. लेकीला शाळेतून घ्यायचं, दवाखान्यात न्यायचं. उरलेली पंधरा पानं त्यांनी भराभरा वाचली, सही ठोकली आणि पळाल्या.

दवाखान्याच्या बोळात एका लोखंडी बाकावर दोघी बसल्या. आत डॉक्टर होते. लेक म्हणाली, “आई, शेवटी जादूगार काजळ्याला सोडेल ना?”

“सोडेल बहुतेक.”

“मग तो कायमचा जाईल?”

“नाही गं. परत येणार आहे. त्याची वाट पुस्तकातच लिहिलीये. मी आज माझ्या डोळ्यांनी वाचली.”

लेकीने जरा वेळ पाय हलवले. मग दाराकडे बघत विचारलं, “आणि बाबा?”

“तेही येणार,” बाई म्हणाल्या. “एका दमात दोघांचं सांगते, दोघेही येणार.”

बाबा आले नाहीत. अकराव्या दिवशी गेले.

दोन महिन्यांनी पुस्तक छापून आलं. लेकीने पहिल्यांदा ते सरळ वाचलं, दुसऱ्यांदा शोधत वाचलं, तिसऱ्यांदा पट्टी ठेवून एकेक ओळ वाचली. मग स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. रडत नव्हती. “यात वाट नाहीये,” एवढंच म्हणाली. बाईंनी स्वतः पुस्तक उघडून बघितलं. शपथेच्या पानावर होतं: ‘जो सुटेल, तो परत येणार नाही. हे ऐकून काजळ्या हसला.’ बस्स.

“लेखिकाबाईंनी मागाहून काढलं असेल,” बाई म्हणाल्या. “शेवटच्या भागासाठी लपवून ठेवलं असेल. लेखक असं करतात.”

“तू दोन्ही खोटं सांगितलंस,” लेक म्हणाली आणि खोलीत गेली.

नऊ वर्षांच्या पोरीचं बोलणं, विसरेल, असं शेजारपाजारचे म्हणाले. लोकांचं काय जातं म्हणायला! ती विसरली नाही. भांडली नाही, उलट बोलली नाही, फक्त आई काही बोलली की “बरं” म्हणायला लागली. परीक्षा सोपी जाईल, बरं. ताप उतरेल, बरं. त्या एका शब्दाने बाईंना जितकं भाजलं तितकं आदळआपट करून भाजलं नसतं. गोष्टी वाचून घेणं तर तेव्हाच संपलं. पुढे शिकून ती दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, कानांची तपासणी करणाऱ्या केंद्रात. दर रविवारी सकाळी फोन, पाच मिनिटं, जेवलीस का, पाऊस आहे का, ठेवते.

बाईंनी मात्र आशा धरून ठेवली. तिसरा भाग आला, चौथा आला, एकेका भागात चार-चार, पाच-पाच वर्षं गेली. लेखिकाबाईंचा हात कापू लागला, मुंग्यांची मिरवणूक वाकडी झाली. प्रत्येक भागाचे कागद हातात आले की बाई आधी चोरून शेवट बघत. वाट दिसत नसे. मग स्वतःलाच सांगत, पाचव्यात येईल. यायलाच पाहिजे. मी डोळ्यांनी वाचलंय.

चौदा वर्षांनी पाचवा आला. आणि त्याच रविवारी, ठेवते म्हणायच्या जागी, लेक जरा थांबली. “पाचवा आलाय म्हणे तुमच्याकडे?”

“आलाय. उद्यापासून वाचायला घेतोय.”

“शेवट सांगू नकोस मला.” मग म्हणाली, “फक्त एवढं सांग, तो येतो का.”

चौदा वर्षांत लेकीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. “वाचून पुढच्या रविवारी सांगते,” त्या म्हणाल्या. या खेपेला त्यांनी शेवट आधी चोरून बघितला नाही. धीरच झाला नाही.

चार दिवस वाचन चाललं. गुरुवारी दुपारी शेवटचं प्रकरण. शहर ढासळतंय, काजळ्या इतका विरळ झालाय की त्याच्यातून पलीकडची भिंत दिसते, आणखी एक जादू केली तर तो संपेल. जादूगार आता मोठा झालाय. त्याच्याकडे एकच उपाय उरतो, सोडून द्यायचा. बाई त्याच पट्टीत वाचत होत्या. “अवतरण सुरू जा स्वल्प अवतरण बंद जादूगार म्हणाला पूर्ण अवतरण सुरू तुला जेवायला काय करायचं तेही येत नाही स्वल्प अवतरण बंद काजळ्या म्हणाला पूर्ण नवा परिच्छेद.” आणि काजळ्या गेला. मग वर्षं जातात. जादूगार वाट बघतो, मग वाट बघायचं सोडतो. शेवटच्या पानावर तो विहिरीवर हात धुतो आणि बोटांवरची उरलीसुरली काजळी निघून जाते. “निघून गेली पूर्ण. समाप्त.”

बाईंनी कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

“मारलाच की हो लेखिकाबाईंनी त्याला,” भिंगवाले म्हणाले आणि चष्मा पुसायला लागले. हा माणूस सत्तावीस वर्षांत गोष्ट ऐकताना सापडला नव्हता, आज सापडला. “छान आहे. वाईट आहे, पण छान आहे.”

“काका, यात काहीतरी राहिलंय,” बाई म्हणाल्या.

“काही राहिलं नाही. पानांचे आकडे बघा, सलग आहेत.”

बाई उठल्या त्या तडक माळ्यावर गेल्या. जुने गठ्ठे तिथे सुतळीने बांधून ठेवलेले असत. त्यांचा विचार सरळ होता. दुसऱ्या भागाचं मूळ पान काढायचं, लेखिकाबाईंच्या पुढ्यात ठेवायचं आणि म्हणायचं, बाई, हे तुम्ही लिहिलं होतंत, मग खोडलंत, आता पोरांना परत द्या. थोडक्यात, दुसऱ्याची चूक पकडायला निघाल्या होत्या. आयुष्यभर तेच काम केलेलं.

पान सापडलं. शाई तपकिरी पडली होती. ‘जो सुटेल, तो परत येणार नाही. मात्र सोडवणाऱ्याने त्याच्यासाठी घरातला दिवा एक वर्ष विझू दिला नाही, तर तो येईल. दिवा एकदा जरी विझला, तर मात्र तो परत येणार नाही. हे ऐकून काजळ्या हसला.’

एक अक्षर खोडलेलं नव्हतं.

मग त्यांनी कच्ची प्रत काढली. तिच्यावर दिवा नव्हताच, आणि भिंगवाल्यांच्या लाल पेनाची खूणही नव्हती. झालं होतं ते असं. टाइप करणाऱ्याची नजर पहिल्या ‘परत येणार नाही’वरून उडाली आणि थेट दुसऱ्या ‘परत येणार नाही’वर उतरली, मधलं सगळं खाली पडलं. असं रोज कोणाचं ना कोणाचं होतं. त्यासाठीच तर रेडिओबाई. पण त्या दिवशी मोठ्याने वाचताना बाईंची नजरही तशीच पहिल्यावरून उडून दुसऱ्यावर उतरली होती. तासाभरापूर्वी जी ओळ वाचून चहा गार केला, तीच वाचताना गाळली. गठ्ठ्याच्या खाली तारीख होती, दवाखान्यातल्या बाकाची. वाचून मिळवले. खाली त्यांचीच लफ्फेदार सही.

कुंपणानेच शेत खाल्लं होतं. बाई माळ्याच्या पायरीवर बसून राहिल्या. रडू आलं नाही.

शुक्रवारी त्या लेखिकाबाईंकडे गेल्या. दोन खोल्यांचं घर, खिडकीशी खुर्ची, गुडघ्यावर शाल. बाईंनी पान त्यांच्या हातात दिलं. लेखिकाबाईंनी ते डोळ्यांशी नेऊन वाचलं, पुन्हा वाचलं.

“म्हणजे मी लिहिलं होतं,” त्या म्हणाल्या. “अहो, मला आठवत होतं. काहीतरी वाट ठेवली होती एवढं आठवत होतं, काय ते आठवेना. पाचवा लिहायला बसले तेव्हा तीन महिने माझंच पुस्तक चाळत होते. दिसलं नाही. म्हटलं, म्हातारपण आलं, आपणच कल्पना करतोय.”

“माझी चूक आहे, बाई. वाचताना माझ्याकडून गळलं.”

लेखिकाबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शालीच्या दशा ओढत राहिल्या.

“पुस्तक अजून छापलं नाहीये,” बाई म्हणाल्या. “शेवटची दोन पानं बदलली तर? मी आज बसून लिहून घेते, तुम्ही सांगा.”

“आणि दिवा कुठून आणू? आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? चार भाग हजारो घरांत आहेत. त्यातल्या एकातही दिवा नाही. आता शेवटच्या पानावर मी दिवा काढला, तर मुलं काय म्हणतील? लेखिकाबाईंना रडू आलं म्हणून त्यांनी थाप मारली. मुलांना थाप लगेच कळते हो.”

“ठाऊक आहे मला,” बाई म्हणाल्या. त्यांच्याइतकं ते कोणाला ठाऊक असणार?

लेखिकाबाईंनी पान परत दिलं. “हे मला नको घरात. तुम्ही न्या.” दारापर्यंत आल्या नाहीत.

ऑफिसात भिंगवाल्यांना सगळं कळलं तेव्हा ते आधी टाइप करणाऱ्यावर घसरले, मग त्या वर्षीच्या गरमीवर, मग म्हणाले, “आणि सही माझीही आहेच की खाली. पापात माझी निम्मी भागी.”

“नाही काका. तुम्ही मी वाचलेलं ऐकलंत. मी वाचलंच नाही, तर तुम्ही काय ऐकणार?”

भिंगवाल्यांनी लाल पेनाचं टोपण काढलं, घातलं, पुन्हा काढलं. “लेकीला सांगणार आहात का?”

बाईंनी पान घडी करून पिशवीत ठेवलं. सांगायचं नसेल तर एक वाक्य पुरत होतं: नाही येत. लेक म्हणाली असती, बरं. आई खोटारडी ही गोष्ट तिच्या अंगवळणी पडलेली होती, तिथे नवीन काही जखम नव्हती. सांगायचं म्हटलं तर मात्र पान हातात होतं, आई खोटं बोलली नव्हती याचा पुरावा. आणि त्याच पानाने हेही सिद्ध होत होतं की त्या राक्षसाचा परतीचा रस्ता आईनेच बुजवला. शनिवारभर त्यांनी हे उलटंपालटं करून पाहिलं. चौदा वर्षं निर्दोष ठरायची हौस बाळगली होती. ती आता अशी पुरी होत होती.

रविवारी फोन आला. जेवलीस का झालं नाही, पाऊसही झाला नाही.

“येतो का?” लेक म्हणाली.

“नाही येत,” बाई म्हणाल्या. “पण यायचा होता. थांब, मध्ये बोलू नकोस, मला सांगू दे.” आणि त्यांनी सांगितलं. चहाची सुट्टी, पंधरा पानं, दोन ‘परत येणार नाही’, माळा, सही, लेखिकाबाईंचे तीन महिने. काही गाळलं नाही. “मी तुला खोटं सांगितलं नव्हतं. पुस्तकात होतं ते. माझ्या हातून गेलं.”

“आणि बाबांचं?” लेकीने विचारलं.

“ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते मी मनाचं सांगितलं.”

मग लेक बोलली, आणि तिच्या आवाजात राग नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “आई, ते खोटं मी कधीच माफ केलं होतं. कॉलेजात असतानाच. म्हटलं, बाबा जात होते, आईने पोरीला दोन गोड गोष्टी सांगितल्या, कोणतीही आई सांगेल. तुला बोलले नाही, पण सोडून दिलं होतं मी. आता हे काय गं सांगतेस?”

पोरीने माफ केलेलं होतं आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं. पाच-सहा वर्षं त्या नसलेल्या शिक्षेची मुदत भोगत होत्या, आणि आज स्वतःच्या तोंडाने खरी शिक्षा मागून घेतली होती.

“पान आहे तुझ्याजवळ?” लेक म्हणाली.

“आहे.”

“वाच.”

बाईंनी चष्मा लावला. सूर लावायचा नाही हे सांगायला आज भिंगवाले नव्हते, तरी दुसरं काही जमेना. “जो सुटेल स्वल्प तो परत येणार नाही पूर्ण. मात्र सोडवणाऱ्याने त्याच्यासाठी घरातला दिवा एक वर्ष विझू दिला नाही स्वल्प तर तो येईल पूर्ण.” पुढचं वाक्यही वाचलं. पूर्ण.

लेक स्वल्प नको म्हणाली नाही.

“एक वर्ष?” तिने विचारलं. “एवढंच?”

“एवढंच.”

“केलं असतं की गं जादूगाराने,” लेक म्हणाली, आणि तेव्हा कुठे, चौदा वर्षांनी, ती रडायला लागली.

बाई फोन कानाशी धरून ऐकत राहिल्या. ठेवते असं त्या दिवशी दोघींपैकी कोणीच म्हणालं नाही.